रिचार्ज पुन्हा महागला! तुम्ही घरातले सगळे नंबर कसे पोसता?

दुपारची_झोप

आमच्या घरात पाच नंबर आहेत. मी, नवरा, कॉलेजातला मुलगा, सासरे आणि गावी देवरुखजवळ राहणारी माझी आई. पाचही नंबरांचं रिचार्ज माझ्याकडे, कारण लग्न झाल्यापासून "तुला जमतं ते" या सदरातली सगळी कामं माझ्याकडेच आहेत.

काल रात्री सहज हिशोब मांडला. रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा पॅक २९९ ला. वर्षात असे १३ पॅक लागतात. ३,८८७ रुपये एका नंबराचे, पाचांचे १९,४३५. हाच पॅक जुलै २०२४ च्या आधी २३९ ला होता. त्या वाढीत आम्ही घरात जरा कुरकुर केली आणि भरत राहिलो. मग ऑगस्ट २०२५ मध्ये रोज १ जीबीवाला २४९ चा पॅकही माझ्या अ‍ॅपवरून गायब झाला. म्हणजे दर न वाढवताच वाढला.

मुलाचं ठीक आहे, तो रात्री अकरालाच "मम्मी, हॉटस्पॉट" करतो. पण सासरे दिवसभर घरच्या वायफायवर असतात आणि आईला तर नेट लागतच नाही. तिला फक्त मी फोन केलेला उचलायचा असतो आणि बँकेचा ओटीपी यायला हवा असतो. तिच्यासाठी मी रोज दीड जीबी का घ्यायचं?

तुम्ही काय करता? कोणी नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत पोर्ट केलंय का? आणि हे दर कधी खाली येतील असं वाटतं का कोणाला?

चहाबाज

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: नाही.

गणिताचा_मास्तर

ताई, १३ हा आकडा तुम्ही बरोबर धरलात. बहुतेक लोक १२ ने गुणतात. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. पंचांगात अधिक महिना साधारण तीन वर्षांनी येतो, मोबाईल कंपन्यांचा दरवर्षी येतो.

नाना

मास्तर, मग कंपनी आपला जावईच झाली की. दरवर्षी धोंडा आणि दरवर्षी वाण. अनारसे तेवढे द्यायचे राहिलेत.

अबोली

नाना 😂😂 हसून हसून पुरेवाट

बोरूबहाद्दर

ट्रायने, म्हणजे मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामकाने, जानेवारी २०२२ मध्ये आदेश काढला होता की प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा किमान एक पॅक आणि दर महिन्याच्या ठरावीक तारखेला येणारा किमान एक पॅक ठेवावा. ते पॅक आहेत. फक्त अ‍ॅपमध्ये इतके खाली असतात की तिथवर पोचेपर्यंत माणूस २९९ वर बोट ठेवून मोकळा झालेला असतो.

टॉवरखाली

मी या क्षेत्रात २६ वर्षं काढली, आता निवृत्त आहे. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

पहिलं म्हणजे "अनलिमिटेड" हा शब्द कॉलसाठी आहे, डेटासाठी नाही. दीड जीबी संपलं की वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्यावर व्हॉट्सअ‍ॅपचा मजकूर रखडत जातो, फोटो नाही. खरोखर अमर्याद ५जी जुलै २०२४ पासून रोज २ जीबी किंवा त्यावरच्या पॅकवरच ठेवलं गेलं.

दुसरं, २०१६ आधीचे दिवस आठवा. महिनाभराच्या एका जीबीला अडीचशे रुपयांच्या आसपास मोजायचो. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, मार्च २०१७ पर्यंत जवळजवळ सगळं फुकट होतं. त्या फुकटात एअरसेल, टाटा डोकोमो, टेलिनॉर, आरकॉम सगळे गेले. व्होडाफोन आणि आयडिया ऑगस्ट २०१८ मध्ये एक झाले. त्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा एजीआरचा, म्हणजे सरकारचा वाटा कंपन्यांच्या कुठल्या उत्पन्नावर धरायचा याचा, निकाल आला आणि जुन्या थकबाकीचे डोंगर उभे राहिले. शिवाय स्पेक्ट्रम, म्हणजे सरकारकडून विकत घ्यायच्या रेडिओलहरी. २०२२ च्या ५जी लिलावात दीड लाख कोटींच्या बोली लागल्या. हा पैसा कुठून तरी वसूल होणारच. डिसेंबर २०१९, २०२१ चा शेवट आणि जुलै २०२४, अशा तीन मोठ्या वाढी झाल्या आणि तिन्ही वेळा सगळे एकाच आठवड्याच्या आतबाहेर वाढले.

प्रति जीबी बघाल तर आपण अजूनही जगातल्या स्वस्त देशांत आहोत.

दुपारची_झोप

@टॉवरखाली, शिव्या नाही देत, पण तुमचं शेवटचं वाक्य मला कायम खटकतं. वाण्याकडे पावशेर साखर मागितली आणि तो म्हणाला, "पन्नास किलोचं पोतं घ्या, किलोमागे स्वस्त पडेल," तर? मला पोतं नकोय. आईच्या घरात मुंग्या लागतील.

चहाबाज

पोतं नुसतं नाही, रात्री बारा वाजता उरलेली साखर वाणी परत घेऊन जातो.

कोकणी_फणस

हाच माझा मुद्दा! पुण्यात सदाशिव पेठेत शिकायला होतो तेव्हा ज्या मेसमध्ये जेवायचो, तिथल्या काकू एका पोळीवरून ओरडायच्या, भाजी दुसऱ्यांदा मागितली तर वाटी अशी आदळायच्या की अख्खी पंगत बघायची. पण महिन्याच्या शेवटी खाडे धरायच्या. दोन दिवस आधी सांगितलेलं असलं की गावी गेल्याचे पैसे वळते व्हायचे. त्यांच्याकडे निळ्या रेघांची एक वही होती, नावापुढे फुल्या. एवढे सुपरकॉम्प्युटर असणाऱ्यांना माझ्या उरलेल्या जीबीचे खाडे धरता येत नाहीत? पोस्टपेडवाल्यांचा डेटा पुढच्या महिन्यात जातो, म्हणजे जमतं सगळं.

नाना

फणसराव, रडवलंत. डेटाचे खाडे मिळालेच पाहिजेत. मोर्चा कधी?

अबोली

मोर्च्याला यायचं तर लाईव्ह करायला डेटा लागेल.

र्‍हाईनकाठी

जर्मनीत राहतो. इथे स्वस्तातल्या कंपन्यांकडे १०-१५ युरोत महिन्याचं भागतं. गंमत म्हणजे प्रीपेडचा २८ दिवसांचा महिना इथेही आहे, तेव्हा ते पाप फक्त भारतातलं समजू नका.

माझं रडगाणं वेगळं. भारतातला नंबर बँक, आधार, म्युच्युअल फंड सगळीकडे जोडलेला. तो मेला तर मी मेलो. वर्षाला शंभर ओटीपीसुद्धा येत नसतील, पण त्यासाठी पॅक चालू ठेवायचा. भाऊ म्हणतो, "दादा, तुझं सिम माझ्या कपाटात ठेव." सिम कपाटात ठेवता येतं, रिचार्ज नाही.

बोरूबहाद्दर

दोघांसाठीही, म्हणजे @दुपारची_झोप आणि @र्‍हाईनकाठी: डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने नियम बदलला आणि फक्त कॉल-एसएमएसचे पॅक ठेवणं बंधनकारक केलं. मुदतही ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेली. त्यातून जानेवारी २०२५ मध्ये असे पॅक आले. एअरटेलचे ४६९ ला ८४ दिवस आणि १,८४९ ला ३६५ दिवस. जिओचे ४४८ ला ८४ दिवस आणि १,७४८ ला ३३६ दिवस. सध्याचा आकडा भरण्याआधी बघून घ्या.

१,८४९ म्हणजे दिवसाला पाच रुपये सात पैसे.

दुपारची_झोप

हे मला माहीतच नव्हतं! धन्यवाद. आईचं याच आठवड्यात करते.

रिचार्जवाला

नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मोबाईलचं दुकान आहे. बरेच दिवस नुसता वाचत होतो, या विषयावर राहवलं नाही.

माझ्याकडे बाजाराच्या दिवशी म्हाताऱ्या बाया येतात. पदराच्या गाठीतनं घामानं ओलसर झालेली पन्नासची नोट काढतात आणि म्हणतात, "टाक बाबा पन्नासचं, लेकाला फोन लावायचाय." आता त्यांना काय सांगू? पन्नासनं काही होत नाही. दहाचा टॉपअप आजपण मिळतो, त्यात ७ रुपये ४७ पैसे पडतात, पण वर चालू पॅक नसला तर त्या सात रुपयांचं लोणचं घालायचं. मी म्हणतो, "मावशी, दोनशेला एक रुपया कमी लागतील." ती म्हणते, "मागच्या बारीला तर कमी घेतलंस." मागच्या बारीला म्हंजे तिच्या लेखी कधीचं ते देवाला ठाऊक.

खरं सांगायचं तर तिचं चूक नाही. २०१८ च्या शेवटाला मिनिमम रिचार्ज ३५ चं आलं तेव्हा लोक दुकानात येऊन भांडले होते. २०२१ च्या शेवटाला ते ९९ झालं. जुलै २०२४ ला १९९. सहा वर्षांत साडेपाच पटीच्या वर. शेतमालाचं असं काय वाढलंय सांगा. आणि शिव्या आम्ही खातो, शंभरामागं मिळतात जेमतेम दोन-तीन रुपये. तेही आता अ‍ॅपवाल्यांनी नेले.

फक्त कॉलचा पॅक मी स्वतः सांगतो गिऱ्हाइकाला. पण एकदम अठराशे रुपये कोण काढतंय? स्वस्त पॅक घ्यायलाबी आधी पैसे लागतात.

टॉवरखाली

@रिचार्जवाला, तुमच्या शेवटच्या ओळीला माझ्याकडे उत्तर नाही. आम्ही मीटिंगांमध्ये "एआरपीयू" म्हणायचो, म्हणजे एका ग्राहकामागे सरासरी महसूल. एअरटेलचा तो सप्टेंबर २०२४ च्या तिमाहीत २३३ रुपये होता, जिओचा १९५. एअरटेलचे सुनील मित्तल कित्येक वर्षांपासून ३०० चा आकडा जाहीरपणे बोलून दाखवतात. सरासरी वर न्यायची तर तळाच्या माणसाला वर ढकलणं हा सर्वात सोपा मार्ग, कारण वरचा माणूस आधीच वर असतो. तो तळाचा माणूस म्हणजे तुमची मावशी, हे तक्त्यात दिसत नाही.

सातारी_कंदी

पोर्टिंगचा अनुभव विचारलाय म्हणून. कुठल्या कंपनीतून कुठल्या कंपनीत गेलो ते सांगणार नाही, विचारू नये.

१९०० ला मेसेज, कोड आला, ६ रुपये ४६ पैशांची फी, सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी नवीन सिम चालू. आणि मग कळलं की आमच्या फ्लॅटमध्ये रेंज फक्त एका ठिकाणी येते, संडासाच्या खिडकीत. बरं, ती खिडकी उंचावर. बायकोने तिथे साबणाच्या जाळीत फोन ठेवायची सोय केली. साहेबांचा फोन आला की मी पळत आत, कडी लावून, "हो सर, बोला सर." आत आवाज घुमायचा. एकदा साहेबांनी विचारलं, "अरे तू देवळात आहेस का?" मी हो म्हणालो.

नव्वद दिवस काढावे लागतात, त्याआधी परत पोर्ट होत नाही. ९१ व्या दिवशी जुन्या घरी परत.

अबोली

"हो सर, देवळात आहे" 😂 आजचा दिवस सार्थकी लागला.

नाना

कंदी, घंटा तरी वाजवायची.

कोकणी_फणस

माझ्या गावात उलटं आहे. दरीत वसलेलं गाव, वर्षानुवर्षं तिथे फक्त बीएसएनएलचं सिम चालतं, बाकीच्यांचे फोन म्हणजे कॅमेरे. जुलै २०२४ मध्ये दर वाढले तेव्हा त्या एकाच महिन्यात देशभरात बीएसएनएलला २९ लाखांच्या वर ग्राहक मिळाले होते. गावात आम्ही कॉलर ताठ करून फिरलो. पुढे त्यातले बरेच परतही गेले. आता २७ सप्टेंबर २०२५ ला त्यांचं स्वदेशी ४जी सुरू झालंय, ९७ हजारांवर टॉवर. आमच्या दरीच्या वाट्याला त्यातला एक आलाय. गणपतीला गेलो तेव्हा नव्हता, दिवाळीत फोनच्या कोपऱ्यात ४जी बघितलं. माझ्या चुलत्यांनी त्याचा फोटो काढून मला पाठवला. त्याच फोनवरून, स्क्रीनशॉट नव्हे, आरशात धरून.

गणिताचा_मास्तर

वीचं, म्हणजे व्होडाफोन-आयडियाचं, कोणी बोलत नाहीये म्हणून सांगतो. एप्रिल २०२५ मध्ये थकबाकीचं भागभांडवलात रूपांतर झाल्यावर तिथे सरकारचा हिस्सा ४८.९९ टक्के झाला. म्हणजे तिन्ही खाजगी कंपन्यांमधल्या एकीचा सर्वात मोठा भागधारक सरकार, बीएसएनएल तर सरकारचंच, आणि पंचही सरकारी. दर ठरवायला मात्र कंपन्या मोकळ्या. ट्राय त्याला "फोर्बेअरन्स" म्हणतं. आमच्याकडे त्याला कानाडोळा म्हणतात.

टॉवरखाली

मास्तर, कानाडोळा नाही, ते धोरण आहे. दर सरकारने ठरवले असते तर १९९५ चेच राहिले असते. तेव्हा आलेल्या कॉलचेही पैसे द्यावे लागायचे, विसरलात का? लोक नंबर बघून कट करायचे आणि खाली जाऊन पीसीओवरून लावायचे.

नाना

आणि रात्री अकरानंतर एसटीडीला पाव दर! बूथबाहेर रांग, मागचा माणूस खोकून घड्याळ दाखवायचा. आतला माणूस मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत भराभरा बोलायचा. "पोचलो, बरा आहे, पैसे पाठवा, ठेवतो." आमच्या अख्ख्या पिढीची भाषा त्या लाल आकड्यांनी घडवली. हिच्याशी लग्न ठरल्यावर मी पहिला फोन केला तो बावीस रुपयांचा. आता अनलिमिटेड आहे आणि ही समोरच्या खोलीतून मिस्ड कॉल देते, जेवायला या म्हणून.

बोरूबहाद्दर

धागा भरकटतोय, पण नाना, हे वेगळ्या लेखात येऊ द्या.

एक उपयोगाची गोष्ट राहिली. रिचार्ज संपलं म्हणून नंबर लगेच जात नाही. ९० दिवस काहीच वापर नसेल तर बंद करता येतो, आणि तेव्हा खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून ३० दिवस वाढवून मिळतात. ट्रायचा २०१३ पासूनचा नियम आहे.

र्‍हाईनकाठी

नियम खरा, पण @बोरूबहाद्दर, त्यावर विसंबू नका. नंबर कागदावर जिवंत राहतो, ओटीपी येईलच असं नाही. माझा दीड महिना असाच "जिवंत" होता. बँकेचं काम अडलं ते अडलंच. कंपनीचं नाव घेत नाही, आपलाच आळस.

चहाबाज

कोमातला नंबर.

सोनचाफा_२

मला वेगळंच वाटतं. आपण दोघांच्या एका हॉटेलच्या बिलात ८०० रुपये घालवतो आणि ८४ दिवसांच्या ७९९ वर धागा काढतो. हाच फोन आहे म्हणून माझ्या मुलीने लॉकडाऊनमध्ये शाळा केली, हाच आहे म्हणून मी घरून काम करते. मला तरी वसूल वाटतं.

रिचार्जवाला

ताई, तुमचं वसूल होतंच आहे, त्यात वाद नाही. माझ्या दुकानात जे येतात ते हॉटेलात जात नाहीत, एवढंच.

सोनचाफा_२

मान्य. माझ्या डोळ्यासमोर माझंच घर होतं.

दुपारची_झोप

तीन आठवड्यांनी येतेय, धागा मीच काढला होता म्हणून हिशोब देणं आलं.

सासऱ्यांचं आणि आईचं वर्षाचं कॉलवालं केलं. मुलाचं आणि नवऱ्याचं ८४ दिवसांचं. वर्षाचे पाच हजारांच्या आसपास वाचतात. मी घरात दोन दिवस झाशीच्या राणीसारखी वावरले.

मग परवा देवरुखला गेले. पहाटे जाग आली तर आई घरात नाही. पाच वाजलेले, बाहेर अंधार. बघते तर शेजारच्या वहिनींच्या ओट्यावर अंगाभोवती शाल गुंडाळून बसलेली, कानाला फोन. वहिनींच्या मुलाचं वायफाय तिथवर येतं. म्हणाली, "कीर्तन लागतं पाचला." गेली दोन वर्षं ती रोज पहाटे यूट्यूबवर कीर्तन ऐकते. बचत गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपसुद्धा आहे तिचा, हप्त्याच्या पावत्या त्यावर येतात. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी फोन केला की ती म्हणायची, "मला कशाला नेट, मी बरी आहे."

म्हटलं, अगं मग मला सांगायचं ना, नेट बंद झालं म्हणून. तर म्हणे, "तू केलंस म्हणजे काही विचार करूनच केलं असशील."

पहिल्या पोस्टमध्ये मी छातीठोकपणे लिहिलंय की आईला नेट लागतच नाही. ते वाक्य आता खोडता येत नाही, संपादनाची मुदत संपली.

अबोली

😢

टॉवरखाली

माझ्या वडिलांचंही अगदी असंच. ते क्रिकेट बघायचे आणि आम्हाला वाटायचं फोन गरम होतोय तो बॅटरीमुळे.

रिचार्जवाला

ताई, भरलेले अठराशे काही परत येणार नाहीत, ते सोडून द्या. वर नुसत्या डेटाचं व्हाउचर बसतं का, ते तुमच्या कंपनीच्या दुकानात विचारून घ्या, अ‍ॅपवर नका करू, चुकीचं पडतं. आधी आईंना विचारा किती वेळ ऐकतात. कीर्तन तासाभराचं असेल आणि चित्र बारीक करून ठेवलं तर रोज दीड जीबी काही लागत नाही, पाव-अर्ध्यात भागतं.

दुपारची_झोप

विचारलं. म्हणाली, "कीर्तन तासाचंच असतं गं, पण ते संपलं की पुढचं आपोआप लागतं."